रिकामं भांडं परत देत नाहीत

माझ्या पलंगाखाली एक खोका आहे. पाहुण्यांसाठी गादी काढायला वाकलं की तो दिसतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. म्हाताऱ्या माणसांना स्वयंपाक करताना भाजू नये, कापू नये, हातातून काही निसटू नये म्हणून निघालेल्या वस्तू त्यात आहेत. सगळ्या मी आईसाठी आणलेल्या. बरण्यांची झाकणं उघडायचं रबरी चाक. वर खिळे ठोकलेला फळा, म्हणजे कांदा खिळ्यांत खोचायचा आणि एका हाताने कापायचा. बोटांवर चढवायची पत्र्याची ढाल. सुरी लागली तरी कापत नाहीत असे हातमोजे; त्यातला एकच शिल्लक आहे, दुसऱ्याची हकिगत पुढे सांगते. प्रत्येक वस्तूच्या डब्यावर पिकल्या केसांची एक बाई हसत उभी असते. तिच्या ओट्यावर तेलाचा एक डाग नसतो. त्या बाईने जन्मात कधी बोंबील साफ केला असेल असं मला वाटत नाही.

माझी आई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात राहते. पंचाहत्तरी ओलांडली आहे. वडील गेल्यापासून एकटीच असते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने आगाशी, विरार पायाखाली घातलं, पुढे बाजारात लाकडी पेटीवर बसून विकलं, आणि त्यावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. मी विरारला राहते आणि शाळेत शिकवते. धाकटा भाऊ नायगावला राहतो आणि कामणच्या एका गोदामात देखरेख करतो. माल कोसळू नये, आग लागू नये, कुणाचा पाय गाडीखाली येऊ नये, हे बघणं त्याचं काम. त्या गोदामात जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले आहेत आणि माणसांनी त्या पट्ट्यांतूनच चालायचं असतं. भावाचा जीव त्या पट्ट्यांत आहे. जेवायला बसला की ताटाभोवतीही एखादा पट्टा ओढेल अशी मला धास्ती वाटते.

सगळं सुरू झालं ते एका कालवणावरून. आमच्याकडे माशाच्या कालवणात चमचा घालत नाहीत. बोंबील, मांदेली असली मऊ मासळी चमच्याने ढवळली की तिचा लगदा होतो. म्हणून कालवण मातीच्या तवलीत करायचं, आणि ढवळायची वेळ आली की दोन्ही हातांत फडकी घेऊन तवलीच काठाला धरून उचलायची आणि गोल हलवायची. लग्न होऊन आलेल्या मुलीची पारख आमच्या आळीत तवली हलवण्यावरून होते. आईने हे हजारदा केलं असेल. पण गेल्या दिवाळीनंतर तिचे हात थरथरायला लागले, आणि एका दुपारी तवली कलंडली. उकळतं कालवण मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं.

तिने आम्हाला कळवलं नाही. खोबरेल लावलं, वर लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि फोनवर मला विचारलं, "बाय, जेवलीस का?" मी रविवारी गेले तेव्हा ब्लाउजची बाही हाताला चिकटलेली होती. मी रडले, मग भडकले, मग भावाला फोन केला. फोन करायलाच नको होता असं मला पुढे कितीदा वाटलं असेल!

भाऊ आला, त्याने हात बघितला, स्वयंपाकघर बघितलं आणि पाहणीचा निकाल द्यावा तसा म्हणाला, "सिलेंडर काढू या. डबा लावू. पुन्हा असं झालं तर काय करणार?"

आई विळीवर बसून मासे करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मंग मना पन काढ घरातून."

मी मध्ये पडले. मला एक संधी दे, असं मी भावाला सांगितलं. हल्ली म्हाताऱ्या माणसांसाठी किती सोयी निघाल्या आहेत, मी स्वयंपाकघर असं करून देते की तिला भाजायची इच्छा झाली तरी भाजणार नाही. भाऊ कबूल झाला, पण अट घालून. यापुढे आणखी काही घडलं तर सिलेंडर जाणार, आणि तेव्हा मी तोंड उघडायचं नाही. आईची चूल राहायची की जायची, हे असं माझ्या खरेदीवर येऊन ठेपलं. शाळेतली पोरं ज्या उत्साहाने विज्ञानाचे प्रकल्प आणतात, त्याच उत्साहाने मी कामाला लागले. आणि त्यातले बहुतेक प्रकल्प चालत नाहीत, हे मला इतकी वर्षं शिकवून ठाऊक असायला हवं होतं.

पहिली आणली ती इंडक्शनची शेगडी. ज्वाळा नाही, पदर पेटायचा धोका नाही. घरी आणून लावली, आईने वर तवली ठेवली, शेगडी नुसती पीं पीं करत राहिली. मातीचं भांडं तिला चालत नाही. मग आईने भाताचा टोप ठेवला. तो ॲल्युमिनियमचा. तोही चालेना. आईने घरातली सगळी भांडी एकेक करून त्या शेगडीवर ठेवून पाहिली, आणि शेगडीने एकेक नाकारलं. शेवटी ती म्हणाली, "हिला आमच्या घरातलं कायच नको दिसतं." मी तिला चालतील अशी दोन स्टीलची पातेली आणून दिली. त्यांत केलेल्या कालवणाला चव नाही असं आईने जाहीर केलं आणि पातेल्यांत सुकट भरून ठेवली. शेगडीवर चष्मा, कोथिंबीर आणि विजेचं बिल राहू लागलं.

मग गॅसला लावायचं घड्याळ आणलं. ठरवलेला वेळ झाला की गॅस आपोआप बंद. म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, तेव्हा फार उपयोगी, असं त्यावर लिहिलं होतं. माझ्या आईला विसर पडत नाही हो! कोणत्या सालच्या कुठल्या लग्नात मला कोणती साडी मिळाली होती आणि मी ती कुणाला देऊन टाकली, हे तिला आजही पाठ आहे. तिच्या हातांत बळ नाही, एवढंच तिचं दुखणं. पण ते घड्याळ भात अर्धा कच्चा असताना गॅस बंद करी, आणि ती दुखरे गुडघे घेऊन उठून पुन्हा पीळ देई. पूर्वी एकदा उठावं लागे, आता पुन्हा पुन्हा उठावं लागू लागलं. रोगापेक्षा इलाज भारी म्हणतात तो हा. शेवटी मीच ते काढून टाकलं.

हातमोजे मी फार अपेक्षेने दिले होते. तिने ते घालून एकदा मुशी कापली, आणि "हाताला मासा कलत नाय," म्हणून वाळत टाकले. कितीही धुतले तरी त्यांचा मुशीचा वास जाईना. त्यातला एक शेजारच्या मांजरीने पळवला. मासा समजून तिने तो कौलांवर नेला आणि अख्खी दुपार त्याच्याशी झटापट केली. त्या मोज्याने आपलं नाव राखलं एवढं खरं, मांजरीला तो फाडता आला नाही.

खिळ्यांचा फळा, बोटांची ढाल, रबरी चाक यांची तर तिने चेष्टाच मांडली. आळीतल्या बायका बघायला येत. आई त्यांना एकेक वस्तू दाखवी आणि म्हणे, "माज्या लेकीनं आनलंय, हात शाबूत राव्हावं म्हनून." बायका हसत, ती हसे, आणि मीच चहा करून सगळ्यांना देई. मला संताप येई. तिचा येई, त्या बायकांचा येई, डब्यांवरच्या हसऱ्या बाईचा सर्वांत जास्त येई. या वस्तू करणाऱ्या कुणालाच असं कसं वाटलं नाही की जगात काही माणसं बसून चिरतात, पायाने विळी दाबून धरतात, आणि कालवण चमच्याने ढवळत नाहीत? तवली हलवताना धरायला काही मिळतं का म्हणून मी वसईच्या बाजारातली एकूणएक दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने मला विचारलं, "मॅडम, चमचाने क्यूं नहीं हिलाते?" मी पुढच्या दुकानात गेले. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं.

शेवटची वस्तू म्हणजे भिंतीवर लावायचा भोंगा. धूर झाला किंवा गॅस सुटला की तो बोंबलतो. हा मात्र भावाने आणला, त्याच्या गोदामात असतो तसा. आईने दुसऱ्याच दिवशी सुके बोंबील जाळावर भाजले. आमच्याकडे सुका बोंबील थेट जाळावर भाजतात, त्याशिवाय त्याला बोंबील म्हणण्यात अर्थ नाही. भोंगा असा काही ओरडला की जाळी विणत बसलेली माणसं विणणं टाकून धावत आली. एकाने तर पाण्याची घागर आणली होती. आई हातात अर्धा भाजलेला बोंबील घेऊन मध्ये उभी. हे असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी ती शहाणी झाली. तिने भोंग्याला प्लास्टिकची पिशवी घातली, वरून रबर लावलं आणि शांतपणे बोंबील भाजले. आळीत तिच्या अकलेचं कौतुक झालं. भाजून झाल्यावर पिशवी काढायची, हे काही दिवस तिने पाळलं. मग पिशवी तिथेच राहिली.

शिमग्याच्या आसपास दुपारचा खारा वारा सुटायला लागतो. एका दुपारी मंद आचेवर वरण ठेवून आई मागच्या पडवीत कपडे घ्यायला गेली. वाऱ्याने ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला. भोंगा पिशवीत गप्प होता. दोन घरं सोडून राहणारी आईची मैत्रीण, जिच्याबरोबर तिने पाट्या वाहिल्या, ती ताकाची वाटी द्यायला आली म्हणून वास तिच्या लक्षात आला. तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि आईला पडवीतच बसवून ठेवलं. आणखी थोड्या वेळाने आईने येऊन काडी ओढली असती तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करत नाही.

भाऊ आला. त्याने भिंतीवरचा पिशवी घातलेला भोंगा बघितला आणि खाली बसला. ओरडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो सिलेंडर घेऊन गेला आणि मी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही. आईने ओटा पुसला आणि तवली उपडी करून ठेवली.

आगाशीच्या एका बाईंचा डबा लावला. डबा चांगला होता, पोळ्या मऊ, भाजी बरी. आई जेवत होती. फोनवर "जेवले" म्हणत होती. मी मनात म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. शाळेच्या परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, आणि तिच्याकडे जाऊन तिचं तोंड बघण्यापेक्षा पेपर बरे वाटत होते.

एका रविवारी गेले तर भर सकाळी पुढचं दार लोटलेलं. आमच्या आळीत दिवसा दार लोटत नाहीत. आत आई बसली होती, केस न विंचरता. आणि त्या इंडक्शनच्या शेगडीवर भांडी उपडी घातलेली, धुऊन पुसून, एकावर एक. वाटगे, पातेली, एक कडीचा डबा. आमच्या घरातलं त्यात एकही नव्हतं.

मला कळायला क्षणभर वेळ लागला, कारण कोळीवाडा सोडून मला फार वर्षं झाली. होडी आली की त्यातला थोडा वाटा म्हाताऱ्या, एकट्या बायकांना जातो. पुतणे, भाचे, जुन्या ओळखीचे, ज्याला जे मिळालं असेल ते कुणीतरी भांड्यातून घेऊन येतं. मासळी आपण ठेवून घ्यायची, आणि भांडं दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी परत करायचं. रिकामं मात्र नाही. त्याच मासळीचं कालवण त्यात घालून द्यायचं. माझ्या आईचं कालवण आळीत नावाजलेलं. लोक वाटा देत ते काही नुसते दयेपोटी देत नव्हते. चार मांदेल्या दिल्या की वाटीभर कालवण येतं, हा त्यांचाही हिशेब होता. म्हणून ती देणाऱ्यांच्या बरोबरीने उभी होती.

"आये, ही भांडी कधीपासून इथं आहेत?"

"शिमग्यापासून."

"मग देऊन का नाही टाकलीस?"

"रिकामी?"

"चिमूटभर साखर घाल आणि दे. लोक तसंच करतात."

"साखर कोन घालतं? जिला रांधाला येत नाय ती," आई म्हणाली. "मना येतं."

मासळी आली की ती कच्चीच शेजारी देऊन टाकत होती. भांडी मात्र ठेवून घेतली, कारण त्या विजेच्या शेगडीवरचं बेचव कालवण ती कुणाच्या भांड्यात घालणार नव्हती, आणि तिला अजून वाटत होतं की आम्ही सिलेंडर परत आणू. मग भांडी साचली, तशी तिला दारात बसायची लाज वाटू लागली. कुणाचं भांडं दिसू नये म्हणून दार लोटलं. दार लोटलेलं दिसलं की वाटा आणणारी माणसं "म्हातारी झोपली असंल" म्हणून पुढे जाऊ लागली. मग वाटे यायचे थांबले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पाहिले आहेत. भांड्यापायी स्वतःच लपून बसलेली माझी आई मी पहिल्यांदाच पाहत होते.

तळाला पोचा आलेला एक वाटगा तिने बाजूला काढून दाखवला. "ह्यो तिचा," ती म्हणाली. तिचा म्हणजे त्या मैत्रिणीचा. ती हल्ली अंथरुणाला खिळली होती, आणि तरीही मुलाच्या होडीतून आलेले बोंबील तिने आठवणीने पाठवले होते. "तिच्या तोंडाला चव नाय म्हनं. माज्या हातचं कालवन मागत व्हती."

मी भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, भांडी मी स्वतः वाटतो. मिठाई घालून देतो. पण सिलेंडर नाही." मी म्हटलं, तुला कळत नाही. तो म्हणाला, तुला पिशवी घातलेला भोंगा विसरायला होतो, मला होत नाही. आम्ही दोघं बरोबर होतो, आणि म्हणून मी फोन आपटला. पुढचा आठवडा पेपर तपासण्यात गेला.

मग ती मैत्रीण गेली.

मी शाळेतून तशीच अर्नाळ्याला पोचले तेव्हा माती देऊन माणसं परतत होती. आई तिच्या घरून येऊन आंघोळ करून बसली होती. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. आळीतून जेवण जातं, भात आणि बिनफोडणीचं वरण. आणि मला आठवतं तेव्हापासून आमच्या आळीत मयताच्या घरचा भात आई करायची. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. माणूस गेलं की ती न सांगता मोठा टोप काढायची. त्या दिवशी टोप चढवायला तिच्याकडे गॅस नव्हता, आणि दुसऱ्या घरांतून टोप जाताना ती उंबऱ्यातून बघत होती.

आईसमोर आगाशीहून आलेला डबा उघडा होता. तिने त्यातला भात काढून मैत्रिणीच्या पोचा पडलेल्या वाटग्यात भरला होता, वर वरण घातलं होतं, आणि तो वाटगा मांडीपुढे ठेवून ती नुसती बसली होती. मी म्हटलं, "दे, मी नेऊन देते."

"ह्यो भात कोनी शिजवला, मना ठाव नाय," आई म्हणाली. "तिच्या घरी कसा पाठवू?"

मला राग आला, सगळ्याचाच. त्या खोक्याचा राग आला, पिवळ्या पट्ट्यांचा आला, पेपर तपासत बसले त्या आठवड्याचा आला. मी भावाला फोन केला. म्हटलं, सिलेंडर घेऊन अर्ध्या तासात ये, नाहीतर मी शेजारून चूल मागून आणते आणि अंगणात लाकडं पेटवते. मग तू तुझा भोंगा घेऊन ये.

कामणहून अर्ध्या तासात कोण येणार! पण सूर्य खाली जायच्या आधी तो आला. घरी जाऊन सिलेंडर रिक्षात घालून आणला होता. मैत्रिणीने आम्हा दोघांना लहानपणी कडेवर फिरवलं होतं.

आईने टोप काढला आणि ओट्याशी उभी राहिली. भाऊ दारात, अंगात गोदामाचं जाकीट तसंच. तो बघत होता, आणि बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, तिचा डावा हात बघ."

आईचा डावा हात ओट्याच्या कडेला होता. गुडघे धरत नाहीत म्हणून तिने कडा घट्ट पकडली होती, आणि टोप एकट्या उजव्या हाताने सरकवत होती. हा काळा गुळगुळीत ओटा भावाने हौसेने बांधून दिला होता, आईला खाली बसून रांधायला लागू नये म्हणून. त्याआधी ती जन्मभर बसून रांधत होती, आणि तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे असत. तवली हलवायला दोन्ही हात लागतात, आणि आम्ही तिच्याकडे एकच ठेवला होता.

"गोदामात असं कुणी वजन उचललं तर मी त्याला कामावरून उठवतो," भाऊ म्हणाला. मग तो पडवीत गेला आणि आईची बाजारातली लाकडी पेटी घेऊन आला. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्याने ती धुतली, खाली दोन विटा लावल्या, हलते का बघितलं आणि ओट्याला लावून ठेवली. आई चढून बसली. कोपर ओट्यावर टेकले. दोन्ही हात मोकळे झाले. इतके महिने मी काय विकत घेत होते, असं मला झालं. बसायला काहीतरी द्यावं, हे त्या डब्यांवरच्या हसऱ्या बाईला सुचलं नव्हतं, आणि तिच्यापेक्षा जास्त शिकलेल्या मलाही सुचलं नव्हतं.

आईने भात केला. हात थरथरत होते ते होतेच, पेटीवर बसून ते काही तरुण झाले नाहीत. भाताची पेज ओतून काढताना टोप मी धरला. भावाने खिडकीची वाऱ्याकडची झडप लावली, भोंग्याची पिशवी काढून खिशात घातली आणि आईला म्हणाला, "आये, बोंबील अंगणात भाज." आई म्हणाली, "बरं." एवढा समजूतदार करार आमच्या घरात त्याआधी कधी झाला नव्हता.

आगाशीचा भात तिने कोंबड्यांना घातला, मैत्रिणीचा वाटगा पुन्हा घासला आणि त्यात आपल्या हातचा भात भरला. बाकीचा टोपात ठेवला. टोप भावाने उचलला, वाटगा माझ्याकडे दिला. सुतकाचं घर दोन घरांपलीकडे होतं. सुनेने टोप आत घेतला. मी वाटगा पुढे केला आणि म्हटलं, "हा तुमचाच आहे. आमच्याकडे राहिला होता."

तिने तो उलटासुलटा करून बघितला, तळाचा पोचा बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"सासूबाई रोज विचारायच्या," ती म्हणाली. "माजा वाटगा आला का, म्हनून. काल सकालीपन विचारलं. मी म्हटलं, येईल. म्हटल्या, ती भरल्याबिगर द्यायची नाय, वाट बघू."

मी घरी आले. आई अजून पेटीवर बसली होती, गॅस बंद केलेला, हात मांडीवर. "काय म्हनाली?" तिने विचारलं. काहीतरी बरंसं बनवून सांगावं असं मनात आलं, पण माझ्या तोंडून खरं तेच गेलं. भाऊ माझ्या मागे उभा होता. त्यानेही ऐकलं.

आईने हात पदराला पुसले. मग तिने शेगडीवरच्या उपड्या भांड्यांकडे बोट केलं. "उद्या म्हावरं आना," ती म्हणाली. "येवढी सगली भरून द्याची हायेत." आणि पेटीवरून उतरायला भावाच्या खांद्याचा आधार घेत, अगदी साध्या आवाजात, जणू मीठ कमी पडलं असं सांगावं तसं, ती म्हणाली, "उशीर केलात तुमी."